दोन्ही कान लागतात

कॉम्प्युटर उघडायच्या आधी तो त्याच्या पत्र्यावर एक सणसणीत थप्पड मारायचा. टपली नव्हे, थप्पड; शेजारच्या खोलीतला माणूस दचकेल अशी. मग वाकून त्या डब्याला विचारायचा, "ही माझी झाली. आता तू बोल, काय दुखतंय?" गंमत म्हणजे डबा बरेचदा बोलायचा. पंखा घरघरायचा, पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि हा आमच्याकडे वळून म्हणायचा, "बघा. मार खाल्ल्याशिवाय कोण खरं बोलत नाय."

ज्या जागेत उभा राहून तो हे म्हणायचा, तिथं हे ऐकून आमच्या अंगावर काटा यायचा. त्याला वाटायचं, दारुड्यांना विनोद कळत नाही.

ती जागा म्हणजे तलासरीच्या पुढचं एक खाजगी व्यसनमुक्ती केंद्र. तुम्ही हायवेनं गुजरातकडे गेला असाल तर तो पट्टा तुम्ही पाहिलेला आहे. हद्दीच्या पलीकडे दारूबंदी, म्हणून अलीकडे ओळीनं बार. पलीकडचे लोक हद्द ओलांडून येतात, पितात, तोंडात बडीशेप टाकून परत जातात. त्याच ओळीच्या मागं, थोडं आत, हे केंद्र होतं. बिघडायची आणि दुरुस्त व्हायची सोय एकाच ठिकाणी. मी मात्र अलीकडचाच. डहाणूत, मसोलीला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माझा हात इतका थरथरायला लागला की प्रतिज्ञापत्रांत लोकांच्या बापांची नावं बदलू लागली. तेव्हा मेव्हण्यानं मला गाडीत कोंबलं आणि तिथं नेऊन टाकलं. त्याचं रडगाणं गात नाही. प्यायलो, आत गेलो, सुटली. हे लिहितोय ते त्याच्याबद्दल.

नाव सांगणार नाही. त्याला आवडणार नाही, आणि त्याला न आवडलेल्या गोष्टींचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

तो झाईचा, मच्छीमाराच्या घरातला. आडव्या हाडाचा, काळाभोर, मनगट माझ्या पोटरीएवढं. एसटीनं यायचा, मांडीवर एक जुना, जाड ढेरीचा मॉनिटर घेऊन. कंडक्टरनं मॉनिटरचं तिकीट मागितलं की पहिलं भांडण तिथं. पुढं शेअरच्या मॅजिक गाडीत दुसरं. एकदा मॅजिकवाल्यानं जागा नसताना आणखी एक माणूस आत कोंबला आणि मॉनिटरला धक्का लागला. यानं खिडकीतून हात बाहेर काढला, गाडीचा आरसा मुळापासून उपटला आणि तो मांडीवर घेऊन गप्प बसून राहिला. उतरताना ड्रायव्हरच्या हातात दिला. म्हणाला, "घे, बसव. आपली वस्तू तुटली की कसं वाटतं, कळलं ना?"

असा माणूस शांती विकत फिरायचा.

त्याचा धंदा उजेड आणि आवाजाच्या ध्यानाचा होता. काळा चष्मा, काचांच्या जागी आतून बारीक लाल दिवे. कानांवर हेडफोन. डोळे मिटून आडवं पडायचं. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर दिवे लुकलुकवतं आणि कानात ठोके वाजवतं, आधी भरभर, मग हळूहळू संथ. मिटल्या पापण्यांच्या आत रंगांची नक्षी फिरायला लागते आणि डोक्यातला कालवा उतरतो. मी लावलेला आहे, खोटं सांगत नाही. माझ्यासारख्या नास्तिक माणसालाही तिथं झोप लागली, आणि झोप म्हणजे काय हे मी तोवर विसरलो होतो.

सॉफ्टवेअर फार जुनं. बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेलेले. चष्म्याची डबी प्रिंटरच्या जुन्या, रुंद पोर्टला लागायची आणि नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. म्हणून हा भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या सायबर कॅफेंतून म्हातारी मशीनं गोळा करायचा. मला टायपिंग येतं म्हणून केंद्रानं मला त्याच्या हाताखाली दिलं.

थप्पड झाली की पत्रा काढायचा. आतून झुरळं, वाळलेली पाल, खाऱ्या हवेचा गंज. रॅम काढून तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरनं घासायचे. हे काम माझं. मग जुनं विंडोज एक्सपी टाकायचं, मग साउंडचा ड्रायव्हर शोधायचा. ड्रायव्हर सापडला नाही की शिव्या सुरू. आधी हिंदीत, मग गुजरातीत, आणि अगदीच हाताबाहेर गेलं की किनाऱ्यावरच्या त्यांच्या बोलीत. एकदा सगळं चढत आलं आणि अगदी शेवटच्या टोकाला येऊन मशीन अडकलं. यानं कीबोर्ड उचलला आणि गुडघ्यावर उसासारखा मोडला. बटणं खोलीभर उडाली. दोन पेशंट खाटेखाली घुसले. "काय नाय, काय नाय," तो म्हणाला, "हा काय तुमच्यासाठी नव्हता."

सॉफ्टवेअरची मुदत संपलेली होती, म्हणून मशीनची तारीख कितीतरी वर्षं मागं नेऊन ठेवायची. आतली बॅटरी मेलेली असली तर मशीन आपणच मागं जायचं. "ह्याला आजचं साल सांगायचं नाय," तो मला बजावायचा. "कळलं की बंद पडेल." काम झालं तरी पत्रा परत लावायचा नाही. भिंतीला टेकवून ठेवायचा, मशीनला हवा लागावी म्हणून.

हेडफोन मात्र तो स्वतः तपासायचा. एका बाजूनं मुका असलेला हेडफोन सापडला की जमिनीवर टाकून टाचेखाली चिरडायचा, म्हणजे चुकूनसुद्धा कोणाच्या कानाला लागायला नको. मी म्हटलं, अरे, एका बाजूनं तर वाजतोय. तेव्हा त्यानं मला समोर बसवलं.

"डाव्या कानात एक सूर सोडतो, काका. उजव्यात दुसरा, थोडासाच वेगळा. दोघं डोक्यात भेटतात ना, तेव्हा तिसरा ठोका तयार होतो. तो कुठल्याच कानात नसतो. औषध तो आहे. एका कानानं काय होत नाय. दोन्ही कान लागतात."

हे सांगताना त्याचा आवाज एरवी कधी नसायचा इतका मऊ होता. मी विचारलं, तुला हे सगळं कुणी शिकवलं? त्यावर त्यानं सांगितलं ते असं.

होडीवर फाटलेल्या जाळ्यावरून त्याचं धाकट्या भावाशी वाजलं. यानं वल्हं उचललं आणि भावाच्या तोंडावर घातलं. जबडा मोडला. भाऊ कितीतरी दिवस तारेनं बांधलेल्या दातांमधून पेज ओढत होता. हा गाव सोडून वापीला गेला, तिथं एका कंपनीत कामाला राहिला, तिथंही मारामारी. कंपनीतल्या कुणा म्हाताऱ्या फोरमननं याला घरी नेलं आणि तो चष्मा डोळ्यांवर चढवला. "उठलो तर कोणाला मारावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा, काका. मला वाटलं मी मेलो." मग भावानंच येऊन त्याला घरी नेलं. आता तो भावाच्या घरी राहत होता. भावाला लहान मुलगी होती. हा रोज संध्याकाळी बाहेरच्या पडवीत चष्मा लावून पडायचा, आणि मगच उंबरा ओलांडायचा. "एक दिवस चुकवला नाय. म्हणून तुम्ही सगळे जिवंत आहात," एवढं बोलून हसला. पण ते खरंच होतं. त्या चष्म्यावर त्याचं घर उभं होतं.

म्हणून तो ते काम देवपूजेसारखं करायचा. चष्मा लावण्याआधी प्रत्येकाला दरडावून विचारायचा, "फिट येते? कधी आलीय? खोटं बोललास तर मी आणीन." कारण लुकलुकत्या उजेडानं फिट येऊ शकते, आणि दारू अचानक तुटलेल्या माणसाला तर आधीच येत असते. नवीन आलेल्याला चष्मा नाही, फिटवाल्याला कधीच नाही, हा त्याचा कायदा. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे 'सर' म्हणत, ते पलीकडचे होते. ते म्हणाले, "अरे भाई, बधाने लगाडी दे ने! सगळ्यांना लाव, काय होतं?" यानं सरांच्या टेबलाला लाथ घातली. टेबल भिंतीपर्यंत गेलं, वरचा गणपती सरांनी अधांतरी झेलला. तेव्हा सर म्हणाले, "ठीक. ज्यांना चष्मा नाही त्यांना सेशनच्या टायमाला मागच्या खोलीत ठेवू. तुला त्रास नको." हा खूश झाला. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

मग सरांनी लग्नातल्या डीजेचे असतात तसले दोन मोठे स्पीकर आणले. हा चिडला. ठोके हेडफोनमध्ये असतात, याची गरजच काय? सर म्हणाले, बाहेर घरचे लोक बसतात, त्यांच्या कानांवरही काही शांत पडू दे. हे त्याला पटलं. सॉफ्टवेअरमध्ये एक समुद्र होता, पण तो त्याला पसंत नव्हता. "हा कुठला विलायतीतला. ह्याला वासच नाय." मग तो झाईच्या बंधाऱ्यावर, उधाणाच्या दिवसांत, मोबाइल धरून उभा राहिला आणि बंधाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा भरून आणल्या. सगळं केंद्र हादरेल असा समुद्र. आम्ही चष्मे लावून पडायचो आणि तो स्पीकरजवळ उभा राहून स्वतःचा समुद्र ऐकायचा.

आता मागच्या खोलीबद्दल. तिथं दोन मदतनीस होते आणि एक रबरी पाइप. तळपायावर मारत, म्हणजे बाहेर काही दिसत नाही. मीही पहिल्या दिवसांत खाल्ले आहेत. विशेषतः रविवारी, घरचे लोक भेटायला येत तेव्हा, आत ठेवलेला माणूस बायकोचा आवाज ऐकून ओरडायला लागला की त्याला गप्प करायचे ते असं. घरच्यांना सांगत, तो झोपलाय, नवीन पेशंटला भेट नाही. आणि आमच्यापैकी कुणी भेटीत सांगायचा प्रयत्न केला तर घरचेच म्हणत, "दारूसाठी काय वाट्टेल ते बोलतील." हे वाक्य सरांनी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं. आमच्यावर विश्वास ठेवेल असा जगात कुणी उरला नव्हता, आणि त्याला कारण आम्हीच होतो, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

समुद्रातूनही एखादी किंकाळी कधी कधी यायची. तो मान डोलवायचा. "पहिल्या वेळेला सगळे रडतात. आतला कचरा निघतो." त्याला वाटायचं, त्याच्याच चष्म्याखालचं कोणीतरी रडतंय.

तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला एक शेतकरी होता. भात, नाचणी करणारा, गुडघ्यापर्यंत पंचा, बोलायला कमी. त्याला फिट यायची. हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, "तुला नाय देत, भाऊ. तुझ्या डोक्यात लाइट आधीच जाते-येते." शेतकरी लाजून हसायचा. मग त्याला मागच्या खोलीत नेत. दर रविवारी त्याची बायको डोंगर उतरून, जीप पकडून यायची, ओसरीत भिंतीला टेकून बसायची आणि त्याला न भेटताच परत जायची. तिचा आवाज आला की तो ओरडायचा. ओरडला की पाइप. त्याचे पाय इतके सुजले की तो संडासला गुडघ्यांवर जायचा. हा माणूस आता आतच मरणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एका शुक्रवारी आम्ही दोघंच मशीनपाशी होतो. मी रॅम घासता घासता म्हणालो, "तुझा समुद्र आहे ना, त्याच्याखाली त्या डोंगरावरच्याला मारतात."

त्यानं मला थोबाडीत मारली. त्या हाताची. मी खुर्चीसकट पडलो, एक दाढ हलली, ती पुढं पडलीच. माझ्यावर उभा राहून तो ओरडला, "दारुड्या! माझ्या सेशनला नाव ठेवतोस?" मी तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हटलं, "त्याचे पाय बघ जाऊन." मीही काही संत नाही, आणखी दोन शिव्या दिल्या.

तो गेला आणि पाय बघून आला. मग मशीनसमोर बसला.

"मीच त्याला आत पाठवला," तो म्हणाला. "चष्मा दिला असता तर तुमच्यासारखा बाहेर पडून राहिला असता."

"चष्मा दिला असतास तर फिट येऊन मेला असता."

"म्हणजे दोन्हीकडून मीच."

मला वाटलं, आता हा उठणार आणि सरांचा जीव घेणार. मला तेच हवं होतं, खरं सांगतो. त्यानं एक चष्मा उचलला, डोळ्यांवर लावला, हेडफोन चढवला आणि तिथंच फरशीवर आडवा झाला. उठला तेव्हा शांत होता. म्हणाला, "मी मारला तर पोलीस मला नेतील आणि हे परत दार लावतील. घरच्यांनीच ऐकलं पाहिजे."

रविवार आला. ओसरीत माणसं भरली. मधे काच, काचेच्या आत हॉल, हॉलमध्ये रांगेनं पडलेले आमचे लोक, डोळ्यांवर लुकलुकते लाल दिवे. मला त्यानं मशीनजवळ बसवलं होतं. समुद्र सुरू झाला. त्यानं थोडं थांबून ओसरीकडे पाहिलं. शेतकऱ्याची बायको आली होती, भिंतीशी बसून शेजारणीशी बोलत होती. मग यानं हात लांब करून स्पीकरची पिन बोर्डातून उपटली.

समुद्र गेला. आणि त्या शांततेत मागून पाइपचा आवाज आला. फट. पुन्हा फट. मग माणसाचा आवाज, फाटलेला, "ए, मी इथं हाय गं! मला ने! मला ने इथनं!"

ओसरीतली बोलणी थांबली. एक मदतनीस धावत बोर्डाकडे आला, समुद्र परत चालू करायला. यानं वळून बोर्डाला पाठ लावली आणि दोन्ही हात मागं नेऊन त्याची चौकट घट्ट धरली. मदतनिसानं त्याच्या पोटात बुक्की मारली. एका धक्क्यासाठी गाडीचा आरसा उपटणारा तो माणूस, पण त्यानं हात मागून सोडले नाहीत. दुसरी बुक्की नाकावर. तो तसाच.

एवढ्यात काचेचं दार आपटून ती बाई आत आली. तिला जे दिसलं ते तुम्हीच तिच्या जागी उभं राहून बघा. डोळे बांधलेली माणसं, त्यांच्या डोक्यांना वायरी, त्या वायरी एका उघड्या यंत्रात शिरलेल्या, आणि लाइटच्या बोर्डाला चिकटून उभा असलेला एक रक्तबंबाळ, धिप्पाड माणूस. नवऱ्याची किंकाळी चालूच. त्या केंद्रात माणसांना करंट देतात, अशी तिच्या पाड्यावर बोलवा होतीच. तिनं भिंतीला टेकवलेला मशीनचा पत्रा उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर घातला. पत्र्याची कड कानशिलावर बसली. दुसरा घाव त्याच कानावर.

मग सगळेच आले. चपला, स्टूल, पाण्याचा जार. "करंट देतो, भडव्या!" कुणीतरी लाकडी बाक आणलं. तो ओरडत होता, "मागची खोली! मागची खोली!" पण त्या गदारोळात त्याचं कोण ऐकणार? हात सोडून त्यानं एकदाच फिरवले असते तर चार माणसं आडवी झाली असती. नाही सोडले. बोर्डाला पाठ लावून तो मार खात राहिला.

मी त्या बाईचं मनगट पकडलं. "बाई, तुझा नवरा मागच्या खोलीत आहे. आवाज यानंच बंद केलाय, तुला ऐकू यावं म्हणून." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पत्र्याकडे. पत्रा टाकला आणि मागं धावली. तिच्यामागं सगळी झुंड.

दार बाकानं फोडलं. शेतकरी खाटेला नायलॉनच्या दोरीनं बांधलेला होता, जिवंत. पुढचं मी सविस्तर लिहीत नाही. मदतनिसांना लोकांनी त्याच पाइपनं सोलून काढलं. एकाचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला वाईट वाटलं नाही. मॉनिटर फोडले, स्पीकर कोयत्यानं फाडले, चष्मे पायाखाली चिरडले. सर मागच्या भिंतीवरून उडी टाकून पलीकडच्या राज्यात गेले. तिथून हद्द म्हणजे हाकेच्या अंतरावर. पोलीस आले, केंद्राला कुलूप लागलं आणि आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो.

सरकारी दवाखान्यात नेताना टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं विचारलं, "निघाला का तो?"

"निघाला."

"फिट?"

"नाही आली."

मग त्यानं डोळे मिटले. डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, पडदाच नाही, आतलंही गेलं, आता ऐकू येणार नाही.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी झाईला गेलो. पडवीत त्याचं स्वतःचं मशीन होतं, चष्मा डोळ्यांवर, हेडफोन कानांवर. मी खांद्याला हात लावला तसा दोन्ही काढून उठला. "येत नाय, काका," तो म्हणाला. "उजव्यात सूर येतो. डावीकडनं कोण भेटायलाच येत नाय. तिसरा ठोका बनतच नाय." मी म्हटलं, होईल सवयीनं. काय बोलणार? घरातून भावाच्या मुलीचं खिदळणं आलं तसं त्यानं दचकून दाराकडे पाहिलं. आणि त्याच्या हाताच्या मुठी वळल्या, ते मी पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसून घेतलं, आणि मी निघेपर्यंत तसाच बसला. मला तेव्हा रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

पुढं पावसाळा संपल्यावर ती बाई शोधत शोधत माझ्या मसोलीच्या दुकानात आली. बरोबर नवरा, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांवर. तिच्या काखेत पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी आणि डोक्यावर नाचणीची पिशवी.

"तो माणूस कुठं राहतो?" तिनं विचारलं. "त्याला बोलायचं हाय मला."

दुकानाचं शटर ओढून मी त्यांना झाईला घेऊन गेलो. दारात भाऊ भेटला. जबड्याची एक बाजू अजून किंचित आत गेलेली. तो म्हणाला, दादा नाही. खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेला, लांब.

"परत कधी येईल?"

"काय बोलला नाय." मग म्हणाला, "पोरीनं त्याचा मोबाइल पाण्यात टाकला. एवढंसं कारण. त्यानं हात उचलला, आणि तसाच वर धरून उभा राहिला. मारलं नाय. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. मी बोललो, दादा, तुला मारायचंच आहे तर मला मार, माझी एक बाजू अजून चांगली आहे. पण जाऊ नको. तो लहान पोरासारखा रडला. आणि गेला."

बाईनं हे सगळं उभ्यानं ऐकलं. नवऱ्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. मग ती पडवीत बसली, कोंबडीच्या पायांची दोरी सोडली आणि तिला अंगणात सोडून दिलं.

"ही त्याची," ती म्हणाली. "तो आला की त्याला द्या."

"बाई, तोवर म्हातारी होईल ती."

"होऊ दे."

नाचणीची पिशवी भावानं आत नेली.

परवा कामानिमित्त झाईला गेलो होतो, तेव्हा त्या घरावरून मुद्दाम गेलो. कोंबडी अंगणात होती. पिसं उतरलेली, अंडी देणं केव्हाच थांबलेली, एका डोळ्यावर पडदा आलेला. भावाची पोरगी आता मोठी झाली आहे. तिनं तांदळाची कणी टाकून तिला पडवीत बोलावलं. मी विचारलं, हिला कापत नाही का कुणी? पोरगी म्हणाली, "ही मोठ्या बाबांची आहे. ते यायचे आहेत."